अभ्यासपाठ : मापात केलेलं काम

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



या आठवड्याचा पाठ मुख्यतः सुरत-हजीरा भागातल्या कुटुंबांसाठी आहे. पण चाकण, नाशिक, जामनगर, आखाती देश, जिथे जिथे आपली मुलं-मुली प्रोजेक्टच्या कामावर आहेत, त्या सगळ्या घरांना तो लागू पडेल. पाठ थोडा मोठा आहे. एका दमात वाचायची गरज नाही. दोन-तीन दिवसांत, शक्य तर घरच्यांसोबत बसून वाचा.

गेले काही महिने अडाजण, पाल, इच्छापोर, उधना, दिंडोली इथल्या उपासनेनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो आहे. कोणी वहिनी म्हणतात, "हे घरी येतात, पण आल्यासारखे वाटत नाहीत." कोणाचे वडील म्हणतात, "मुलगा असा चिडका नव्हता हो कधी. आता जेवायला बोलावलं तरी अंगावर येतो." आणि स्वतः नोकरी करणारे दादा म्हणतात, "माळ हातात घेतली तरी डोक्यात शेड्यूलच फिरत असतं."

या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. तिला हल्ली बर्नआउट म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर माणूस आतून विझत जातो आणि बाहेरून काम चालूच ठेवतो. हे ओळखायचं कसं, टाळायचं कसं, आणि आपली उपासना यात नेमकी कुठे बसते, हा आजचा अभ्यास.

*१. हजीऱ्याचं काम कसलं आहे?*

ज्यांचं माहेर किंवा मूळ घर खानदेशात आहे, त्यांना सुरत म्हटलं की कापड आणि लूम आठवतात. पण तापी जिथे समुद्राला मिळते त्या हजीऱ्याच्या पट्ट्यात वेगळंच जग उभं आहे. पोलाद, खत, नैसर्गिक वायू, पेट्रोकेमिकल, अवजड यंत्रं, बंदर, सगळं एका रांगेत. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून 'इटर' नावाचा अणुसंलयनाचा प्रकल्प उभारत आहेत. त्याचं बाहेरचं महाकाय पात्र, क्रायोस्टॅट, भारताने दिलं. सुमारे ३,८५० टन वजनाचं, जवळजवळ ३० मीटर उंच आणि तितकंच रुंद. ते हजीऱ्याला भागाभागांत घडलं आणि त्याचे शेवटचे भाग जून २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, इथून रवाना झाले. अशा कामात आपल्या घरातली मुलं आहेत याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण असं काम वेळेवर पोचवायला मधे जो माणूस उभा असतो, त्याची अवस्था घरच्यांनी समजून घेतली पाहिजे. प्रोजेक्ट मॅनेजर, प्लॅनिंग इंजिनिअर, साइट इन्चार्ज, नाव काहीही असो, त्याचं दुखणं थोडक्यात असं :

जबाबदारी सगळ्याची, हुकूम थोड्यांवर. ड्रॉइंगची मंजुरी ग्राहकाकडे, माल सप्लायरकडे, माणसं ठेकेदाराकडे, परमिट सेफ्टीकडे, पाऊस देवाकडे. उशीर झाला की उत्तर मात्र यानेच द्यायचं.

तारीख चुकली तर दंड. बहुतेक करारांत उशिराच्या प्रत्येक आठवड्याला पैसे कापले जातात. त्यामुळे कॅलेंडर बघताना याला वार दिसत नाहीत, रकमा दिसतात.

शेवट दिसत नाही. एक काम कमिशनिंगला आलं की दुसऱ्याची किक-ऑफ मीटिंग लागलेली असते. मधला श्वास मिळत नाही.

आणि कौतुक क्वचित. सगळं सुरळीत झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलं की रिव्ह्यू मीटिंगमध्ये पहिलं नाव याचं.

फोन तर खिशातच असतो. परदेशी ग्राहक असला की आपली रात्र ही त्यांची दुपार. गाडी हजीऱ्याहून सुरतेला येते, माणूस मात्र तिथेच राहतो.

*२. शास्त्र काय सांगतं?*

'बर्नआउट' या शब्दाचा इतिहास आपल्यासारख्या सेवेकऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी त्यावर लेख लिहिला. त्यांनी ही अवस्था पाहिली ती कुठल्या कारखान्यात नव्हे, तर व्यसनी मुलांवर मोफत उपचार करणाऱ्या दवाखान्यात, तिथे सेवाभावाने येणाऱ्या स्वयंसेवकांत. त्यांच्या लक्षात आलं की कामचुकार माणूस यात सापडत नाही. जो जीव ओतून काम करतो, तोच आधी जळतो. म्हणून घरात अशी लक्षणं दिसली तर "याला कामाची आवड नाही" असा अर्थ काढू नका.

पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्याची पद्धत तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात तिची व्याख्या दिली. तिचा आशय असा, की कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ चालला आणि त्याची नीट व्यवस्था लागली नाही तर ही अवस्था येते. संघटना तिला आजार म्हणत नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणते. तिची तीन अंगं सांगितली आहेत :

एक, शक्ती संपणं. झोप झाली तरी थकवा जात नाही.

दोन, कामापासून मन तुटणं. ज्याचा अभिमान होता त्याच कामाबद्दल कडवटपणा. "काही उपयोग नाही", "सगळे सारखेच" अशी बोली.

तीन, आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. पूर्वी अर्ध्या तासात होणारा रिपोर्ट दोन तास समोर उघडा राहतो.

तिन्ही एकत्र आणि बराच काळ दिसली तर सावध व्हायचं. नुसत्या दमण्यात आणि यात फरक हा, की दमलेला माणूस दोन दिवस झोपला, डुमसला समुद्रावर जाऊन भजी खाऊन आला की ताजा होतो. विझत चाललेला माणूस सुट्टीवरून परत येतो तेव्हाही तसाच असतो. रविवारची संध्याकाळ झाली की त्याचा चेहरा उतरतो.

आता तासांबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी आठवड्याला ९० तास कामाची भाषा केली. तेव्हा आपल्या कुटुंब गटांतही किती विनोद फिरले ते आठवत असेल. विनोद झाले, पण आपापल्या घरचे तास कोणी मोजले नाहीत. सकाळी ८ ते संध्याकाळी ७, असे सहा दिवस धरले तर ६६ तास होतात. येण्याजाण्याचा वेळ वेगळा आणि रात्रीचे फोन वेगळे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून केलेला अभ्यास सांगतो, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण देखरेख आणि व्यवस्थापन करणाऱ्यांना तिच्याबाहेर ठेवण्याची सोयही त्याच कायद्यात होती. म्हणजे वेल्डरच्या तासांना कायद्याचं कुंपण होतं, त्याच्या साहेबाच्या तासांना नव्हतं. ते कुंपण ज्याचं त्यालाच घालावं लागतं.

*३. गीतेतलं 'माप'*

आपल्या परिवारातली पुष्कळ मंडळी म्हणतात, "आम्ही कर्मयोगी आहोत, फळाची आशा न धरता काम करत राहायचं." हे बरोबर आहे. पण फळाची आशा सोडा असं सांगणाऱ्या भगवंतांनी मापही सोडा असं कुठेही सांगितलेलं नाही. सहाव्या अध्यायातले सोळावा आणि सतरावा हे दोन श्लोक काढून बघा. आशय असा : फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, झोपणं, जागणं आणि कर्मातली खटपट, हे सगळं मापात आहे, त्याचाच योग दुःख दूर करतो.

'कर्मातली खटपटही मापात' हे शब्द आपण वाचून पुढे जातो. उपवास आणि झोप यांवर प्रवचनं होतात, कामाच्या मापावर होत नाहीत. ज्ञानेश्वर माउलींनी मात्र या ठिकाणी आहार, बोलणं, चालणं, झोप एकेक घेऊन प्रत्येकाला माप लावून दाखवलं आहे. ज्यांच्या घरी ज्ञानेश्वरी आहे त्यांनी सहाव्या अध्यायातला हा भाग या आठवड्यात जरूर वाचावा.

निष्काम कर्म म्हणजे बेसुमार कर्म नव्हे. उलट रात्री अकरा वाजता, कोणी बोलावलेलं नसताना, "आपण नसलो तर सगळं कोसळेल" म्हणून लॅपटॉप उघडतो, तेव्हा त्या कर्मात कर्तेपणाचा गाठोडाच असतो. तो उतरवायला शिकणं हीसुद्धा साधना आहे.

*४. कारखान्यातलेच दोन दृष्टांत*

हजीऱ्याच्या दादांना हे सांगायची गरज नाही, पण घरच्यांसाठी सांगतो. मोठं प्रेशर व्हेसल तयार झालं की त्याची हायड्रो टेस्ट होते. आत पाणी भरून, रोज जो दाब सोसायचा त्यापेक्षा जास्त दाब देतात. ठरलेला वेळ तो दाब धरून ठेवतात, गळती आहे का बघतात आणि मग दाब उतरवतात. जास्तीचा दाब तेवढ्याच वेळेपुरता असतो. ते व्हेसल पुढे वर्षानुवर्षं त्याच दाबावर चालवा असं कोणी इंजिनिअर म्हणणार नाही. शटडाऊन, डिस्पॅच, ऑडिट ही आपली हायड्रो टेस्ट आहे. येते, सोसायची असते. पण टेस्ट संपल्यावर दाब उतरतो का, हे बघणारं कोणी हवं.

दुसरा दृष्टांत वेल्डिंगचा. जाड पत्र्यांना वेल्ड केलं की शिवण वरून छान दिसते, पण धातूच्या आत ताण अडकून राहतो. म्हणून अशा जाड कामाला भट्टीत हळूहळू सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापवतात, ठरलेला वेळ ठेवतात आणि हळूहळूच थंड करतात. शॉपमध्ये याला स्ट्रेस रिलीव्हिंगच म्हणतात. घाई केली तर नवाच ताण तयार होतो. माणसाचंही तसंच. सहा महिने ताण घेतला आणि शनिवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परतायचं अशी सहल काढली, तर ताण उतरत नाही, वाढतो. विश्रांतीलाही वेळ द्यावा लागतो.

*५. घरच्यांनी ओळखायच्या खुणा*

ज्याला हे होतं त्याला ते सर्वांत शेवटी कळतं. आधी घरच्यांना दिसतं. म्हणून वहिनी, आई-बाबा, मोठी मुलं यांनी लक्ष ठेवायचं :

• पहाटे तीन-चारला जाग येणं आणि पहिला हात फोनकडे जाणं.
• गाडी घराखाली लावून बराच वेळ आतच बसून राहणं.
• लहान आवाजाचा, मुलांच्या खेळण्याचा त्रास होणं. नंतर स्वतःच वाईट वाटून घेणं.
• आवडीची गोष्ट सुटणं : क्रिकेट, तबला, भाजी आणायला जाणं, गावी आईला रोजचा फोन.
• चहा, तंबाखू, सिगारेट किंवा गुपचूप घेतलेलं पेय वाढणं.
• डोकं, मान, पाठ, पोट यांची सततची कुरकुर. बीपी-शुगरच्या गोळ्या विसरणं.
• "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काहीही बोलणं. ही खूण सर्वांत गंभीर. तिच्याबद्दल खाली सातव्या भागात वेगळं लिहिलं आहे.

यातली एखादी खूण दिसली म्हणून घाबरू नये. तीन-चार खुणा महिनाभर टिकल्या तर शांतपणे बोलावं. "तुमचं कामच संपत नाही" असं सुरू केलं की भांडण होतं. "तुम्ही हल्ली नीट झोपत नाही, मला काळजी वाटते" असं सुरू केलं की माणूस ऐकतो. आणि आपल्या ज्या ताई-वहिनी स्वतः प्रोजेक्टवर आहेत, त्यांच्याकडे दुप्पट लक्ष द्या. त्यांची दुसरी शिफ्ट घरी स्वयंपाकघरात सुरू होते.

*६. काय करायचं?*

*नोकरी करणाऱ्यांनी :* प्लॅनिंगमध्ये ज्या कामाला फ्लोट असतो ते थोडं सरकलं तरी चालतं, आणि क्रिटिकल पाथवरचं काम एक दिवस लांबलं की सगळा प्रोजेक्ट लांबतो. आपण झोपेला फ्लोट समजतो, हवे तेव्हा त्यातून तास काढून घेतो. झोप क्रिटिकल पाथवर टाका. ती किती वाजता सुरू होणार हे ठरवा आणि बाकीचं तिच्याभोवती बसवा.

साहेबांशी बोलताना "जमत नाही" म्हणण्यापेक्षा कामांची यादी समोर ठेवा : "सर, माझ्याकडे सध्या ही सहा कामं आहेत. या आठवड्यात चार नीट होतील. कुठली चार ते आपण ठरवू या." यात उद्धटपणा नाही, हाच चांगला प्रोजेक्ट मॅनेजर. आपल्या प्रत्येक कामाला एक दुसरा माणूस तयार ठेवा आणि सुट्टीवर जाताना लेखी हॅण्डओव्हर द्या. एक प्रोजेक्ट संपल्यावर, पुढचा अंगावर घेण्याआधी, चार-पाच दिवस सलग सुट्टी आधीच मागून ठेवा. यंत्राचं शटडाऊन वर्षभर आधी ठरतं, मग आपलं का नाही?

*जे स्वतः साहेब आहेत त्यांनी :* आपल्या परिवारात असेही पुष्कळ दादा आहेत. हा भाग त्यांच्यासाठी. बर्नआउटची मुळं कामाच्या ठिकाणी असतात. मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी ती सहा ठिकाणी शोधायला सांगितली आहेत : कामाचा भार, आपल्या कामावरचा ताबा, मोबदला आणि कौतुक, आपसातलं नातं, न्याय, आणि मूल्यांचा मेळ. पगार वाढवणं तुमच्या हातात नसेल. पण रात्री साडेदहाला ग्रुपवर 'अर्जंट' लिहिण्याआधी ते सकाळी चालेल का हे बघणं तुमच्या हातात आहे. चूक एकट्याला बोलावून सांगणं आणि चांगलं काम सगळ्यांसमोर सांगणं तुमच्या हातात आहे. हाताखालच्या मुलाला मुलीच्या वाढदिवसाला वेळेवर सोडणं, ही सेवा कुठल्याही अन्नदानाइतकीच आहे.

*घरच्यांनी :* दार उघडल्याबरोबर गॅस सिलिंडर, शाळेची फी, पाहुण्यांचं येणं असं सगळं एकदम सांगू नका. पंधरा मिनिटं द्या. दिवसातलं एक जेवण फोन बाजूला ठेवून, आणि हा नियम सगळ्यांना, आजोबांनाही. शेजारच्या मुलाच्या पॅकेजची तुलना बंद. घराचे हप्ते जड होत असतील तर एकत्र बसून हिशोब करा, कारण पुष्कळ दादा भीतीपोटी 'नाही' म्हणू शकत नाहीत, आणि ती भीती ईएमआयची असते.

*सत्संग गटाने :* इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. थकलेला माणूस उपासनेला आला की एक सल्ला सहज दिला जातो : "नामस्मरण वाढवा, सगळं ठीक होईल." सांगणाऱ्याचा भाव चांगला असतो. पण ज्याचा सगळा दिवस टार्गेटमध्ये गेला, त्याला माळांचं आणखी एक टार्गेट दिलं की तो तिथेही नापास होतो आणि मनातून सद्गुरूंपासून लांब जातो. अशा माणसाला सांगा : मोजू नका. दहा मिनिटं नुसतं बसा. झोप लागली तर झोपा. आईच्या मांडीवर झोपलेल्या लेकराला आई 'जप किती झाला' विचारत नाही.

तसंच गुरुपौर्णिमा आली, पालखी आली की मंडप, पार्किंग, महाप्रसाद सगळं नियोजन याच दादांकडे जातं, कारण "यांना मॅनेजमेंट येतं". आठवडाभर तेच करून आलेल्या माणसाला रविवारी पुन्हा तेच देऊ नका. त्याला विचारा. कदाचित त्याला चपला सांभाळायची, नाहीतर ताटं वाढायची सेवा हवी असेल, जिथे कोणालाही रिपोर्ट द्यायचा नसतो.

*७. डॉक्टरांकडे कधी?*

थकवा महिनाभर टिकला तर आधी तब्येत तपासून घ्या. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, हिमोग्लोबिन, झोपेतला श्वासाचा त्रास, यांमुळेही असाच थकवा येतो. उदासी, रडू येणं, भूक-झोप पूर्ण बिघडणं, कामाबाहेरच्याही कशातच रस न वाटणं, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्याला औषध आहे, आणि मानसोपचार तज्ज्ञांकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही. दात दुखला तर आपण दंतवैद्याकडे जातो, तेव्हा श्रद्धा कमी झाली असं कोणी म्हणत नाही.

जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली तर ती थट्टा समजू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. हा नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा.

*८. या आठवड्याचा गृहपाठ*

एका वहीत सात दिवस फक्त चार गोष्टी लिहा : किती तास झोपलो, किती तास काम केलं (रात्रीचे फोन धरून), घरच्यांबरोबर फोनशिवाय किती वेळ बसलो, आणि आज कामातलं एक काय चांगलं झालं. कोणाला दाखवायची गरज नाही. रविवारी बेरीज करा आणि सहाव्या अध्यायातल्या मापाशी ताडून बघा. पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल ठरवा. दोन नको.

*घरी बसून बोलायचे प्रश्न :*

१. आपल्या घरात सगळ्यांत जास्त दमलेलं कोण आहे? त्यांना हे आपण कधी विचारलं आहे का?
२. "मी नसलो तर चालणार नाही" असं मला कुठे कुठे वाटतं?
३. या महिन्यात आपण कोणाच्या खांद्यावरचं एक काम कमी करू शकतो?

हा पाठ हजीऱ्याच्या बसमध्ये बसलेल्या आपल्या माणसाला पाठवाल, तेव्हा सोबत "नक्की वाचा" असं लिहू नका. त्याला आणखी एक पेंडिंग काम होईल. "सवडीने बघ, घाई नाही" एवढंच लिहा.

सर्वांची शरीरं निरोगी राहोत, मनं शांत राहोत, आणि दिवसभर राबून परतणाऱ्या प्रत्येकाला घर हे घरासारखं मिळो, हीच सद्गुरूचरणी प्रार्थना.

जय सद्गुरू 🙏